बंधाऱ्याची वरची बाजू

तिने पायाने दगड उलटवला, त्याखालचा गाळ ढवळला आणि प्रवाहात आडवं धरलेलं हातजाळं झटकन वर उचललं. जाळ्यात कुजलेली पानं होती, गोगलगायीचा रिकामा शंख होता, एक काडी होती आणि काडीला चिकटून काडीसारखंच निपचित पडलेलं आणखी काहीतरी होतं. तिने जाळं तिरकं केलं. काडी घरंगळली. दुसरं होतं तिथेच राहिलं आणि त्याने शेपटी आपटली.

“मिळालं का काही?” काठावरून आवाज आला.

ती कमरेला बांधलेली काचेची डबी सोडवायला लागली. पाण्याने बोटं आखडली होती, गाठ सुटेना. शेवटी तिने दातांनी ओढून ती सोडवली.

काठावर नकाशेवाला उभा होता. संशोधन केंद्रात त्याला सगळे ह्याच नावाने ओळखत. नदीतला कुठला देशी मासा कुठे राहतो आणि कुठून नाहीसा झालाय, ह्याचे नकाशे करणं हे त्याचं काम. ते तो जीव ओतून करायचा. पण मासे पाण्यात राहतात ही गोष्ट त्याने मनापासून कधी मान्य केली नव्हती. नदीवर आला की तो कोरड्या जागा हुडकत फिरायचा. आजही मुख्य पात्रात उतरायला नको म्हणून झुडपांतून वाट काढत बाजूला सरकला होता, आणि असा सरकत असतानाच हा ओहोळ त्याच्या बुटांपुढे आला होता. ओहोळ तरी कसला, सहज ओलांडता येईल एवढं पाणी. जुन्या नकाशांवर तो नव्हताच.

तिने मासा अलगद डबीत सोडला आणि डबी उजेडाकडे धरली. बोटाएवढा, वाळूच्या रंगाचा. परांच्या कडा तांबूस. आणि तोंडापासून डोळ्यातून थेट कल्ल्यापर्यंत गेलेली काळीभोर रेघ, हात न थरथरता कोणी ओढावी तशी.

“काजळमासा,” ती हळूच म्हणाली. रस्त्यापलीकडे जुनी ओळख दिसावी, पण हाक मारायचा धीर होऊ नये, तसा तिचा आवाज निघाला.

नकाशेवाला पाण्यात उतरला. बुटांसकट.

दोघं डबीवर वाकून उभे राहिले. काजळमासा एके काळी ह्या नदीत जिथे तिथे सापडायचा, असं जुन्या संशोधकांनी लिहून ठेवलं होतं. तिने स्वतः तो केंद्रातल्या कपाटातच पाहिलेला. बाटलीतल्या द्रावात पांढराफटक पडलेला, काजळाची रेघ फिकट तपकिरी झालेली. इतकी वर्षं ह्या माशाबद्दल ती बोलत आली होती, लिहीत आली होती, विद्यार्थ्यांना त्याची चित्रं काढायला लावत आली होती. जिवंत काजळमासा श्वास घेतो तेव्हा ती रेघ जराशी हलते, हे तिला आज कळलं.

“माझ्या नकाशावर ह्याची सगळी टिंबं पोकळ आहेत,” नकाशेवाला म्हणाला. होता पण आता नाही, त्याचं टिंब पोकळ. आजही आहे, त्याचं भरीव. “बाई, मी आयुष्यभर भरलेली टिंबं पोकळ करत आलोय. उलटं कसं करतात ते विसरलोय.”

ती हसली. मोजपट्टीच्या फळीवर ठेवून तिने मासा मोजला, फोटो काढले, शेपटीच्या पराचा कणभर तुकडा तपासणीसाठी कुपीत घेतला आणि त्याला उचललं होतं त्याच दगडाशी सोडून दिलं. तो दगडाखाली शिरला. मग बराच वेळ ती गुडघाभर पाण्यात नुसतीच उभी राहिली. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

जाळं धुवायला ती वळली आणि झाडांच्या फटीतून खाली, नदीत आडवी पसरलेली दगडी भिंत तिला दिसली. जाळं धुणारे हात थांबले.

“हं,” नकाशेवाला म्हणाला. त्यालाही दिसली होती.

*

ती भिंत म्हणजे जुना बंधारा. तो ज्या गिरणीसाठी बांधला होता ती गिरणी केव्हाच मोडली; बंधारा तेवढा उरला. आणि येत्या हंगामात तो पाडायचा हे ठरलं होतं. ठरलं होतं ते तिच्यामुळे.

कारण होतं दुसऱ्या एका देशी माशाचं. त्याला सगळे लांबपल्ल्या म्हणत. हा चंदेरी मासा समुद्राजवळ वाढायचा आणि नदीला पाणी चढलं की अंडी घालायला थेट उगमाकडे निघायचा. निघायचा आणि बंधाऱ्याशी येऊन अडायचा. दर हंगामात थोडे कमी येत होते. बंधारा पाडा, नदी मोकळी करा, म्हणून ती हात धुऊन नदीच्या कामांचा निर्णय घेणाऱ्या समितीच्या मागे लागली. अहवाल लिहिले, भाषणं केली, लोकांच्या दारात गेली. शेवटी सुनावणीत तिचं म्हणणं मान्य झालं. आणि आज ती इथे आली होती ती केवळ पाडापाडीआधीची शेवटची पाहणी उरकून टाकायला.

पण नदीत आणखी एक मासा होता, पट्टेवाला. अंगावर आडवे पट्टे, जबडा मोठा. गळ टाकून मासे धरायचा छंद असलेल्या मंडळींनी तो कुठूनतरी लांबून आणून नदीत सोडलेला. कचेरीच्या दारात पट्टेवाला बसला की आत कोणी जात नाही, तशी खालच्या नदीत ह्याची गत. हा जिथे बसला तिथून बारके देशी मासे गेले. काजळमासा सगळ्यात आधी गेला. आणि पट्टेवाल्याला उंच उडी घेता येत नाही. बंधारा त्याला चढता आला नव्हता, म्हणून वरच्या ह्या ओहोळात दगडाखाली काजळमासा अजून जिवंत होता.

दोघं जीपने परत निघाले. नकाशेवाल्याचे मोजे खिडकीच्या काचेत अडकवलेले होते आणि वाऱ्याने फडफडत होते.

“टिंब भरू का?” त्याने विचारलं.

“पेन्सिलीने भरा.”

त्याने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाला, “हे आपल्या दोघांनाच माहीत आहे. मी काही सुचवत नाहीये, नुसतं सांगतोय.”

“मला माहीत आहे ना,” ती म्हणाली. “तेवढं पुरे झालं.”

तरी तिने काही दिवस घेतले. घाईने बोलून तोंडघशी पडायचं नव्हतं. बंधाऱ्याच्या खाली मैलभर तिने जाळं फिरवलं. पट्टेवाले मिळाले, काजळमासा एकही नाही. वरच्या बाजूला झुडपांत दडलेले आणखी दोन ओहोळ सापडले, आणि त्यांतल्या एकात नखाएवढी पिल्लं होती. इवल्या इवल्या डोळ्यांतसुद्धा ती काळी रेघ. पिल्लं पाहून ती त्या काठावर एकटीच हसत बसली. मग उठली, पँटचा चिखल झटकला आणि घरी आली. आता ताईंना सांगणं भाग होतं.

*

ताई म्हणजे तिची मोठी नणंद. खालच्या मजल्यावर राहायच्या, पाणीखात्यात इंजिनीअर होत्या, आणि बंधारा त्यांच्या ताब्यात होता. नोकरीत लागल्यावर पहिलं काम मिळालं ते ह्याच बंधाऱ्याच्या डागडुजीचं. तो पाडू नये म्हणून सुनावणीत ज्या बाई उभ्या राहिल्या त्या ह्याच. वरच्या मजल्याने खालच्या मजल्याला हरवलं, असं तेव्हा सगळ्या गल्लीत झालं होतं.

लोकांना वाटायचं, ह्या नणंद-भावजया एकमेकींना पाण्यात पाहत असणार. तसं नव्हतं. पाण्यात दोघीही पाहत, पण एकमेकींना नाही. लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हा सामानात कपड्यांपेक्षा बरण्या जास्त होत्या. ते पाहून ताईंनी तिचं नाव मासोळी ठेवलं, आणि तेव्हापासून दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही. सुनावणीच्या दिवशी संध्याकाळीसुद्धा दोघी एकाच टेबलावर जेवल्या होत्या. फक्त इतक्या जोरात बोलत होत्या की मधे बसलेल्या तिच्या नवऱ्याचं सूप गार झालं. तो शाळेत गणित शिकवायचा. भांडणात बाजू घ्यायची नाही हे त्याने फार लवकर सिद्ध करून ठेवलं होतं. त्याने तिथल्या तिथे तह केला. जेवताना बंधाऱ्याचं नाव काढायचं नाही. तो तह आजवर कोणी मोडला नव्हता.

आणि हरल्यावर दुसऱ्याच सकाळी ताई कॉफीचा कप घेऊन वर आल्या होत्या. “जिंकलीस. आता पाडायचा कसा ते मला ठरवू दे. माझ्या बंधाऱ्याला कोणी सुरुंग लावलेला मला चालणार नाही.” ह्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. बंधारा दगड दगड करून उतरवायचा, असा त्यांचा बेत होता, आणि त्याचे आराखडे घरी आणून रविवारीसुद्धा काढत बसायच्या.

ती खाली गेली तेव्हा ताई जेवणाच्या टेबलावर आराखडा पसरून बसल्या होत्या. चार कोपऱ्यांवर चार कप ठेवलेले.

“ये. बघ हे. आधी मधला भाग उतरवायचा, म्हणजे गाळ एकदम खाली जाणार नाही. तुझ्या माशांच्या नाकातोंडात जायला नको.”

“ताई,” ती उभ्यानेच म्हणाली, “बंधारा पाडू नका.”

ताईंनी पेन्सिल चालूच ठेवली. दोन रेघा ओढल्या, मग मान वर केली. “काय म्हणालीस?”

तिने फोटो काढून आराखड्यावर ठेवला आणि सगळं सांगितलं. ओहोळ, दगड, खालच्या बाजूची पाहणी, पिल्लं. ताईंनी चष्मा बदलला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला.

“ह्याने काजळ घातलंय की काय?”

“म्हणूनच काजळमासा.”

“देखणा आहे.” त्यांनी फोटो खाली ठेवला. “आणि भिंत गेली की पट्टेवाला वर जाणार.”

“एक-दोन हंगामांत. मग हा संपला.”

ताई उठल्या, किटलीत पाणी भरलं, ती शेगडीवर ठेवली आणि शेगडी न पेटवताच परत येऊन बसल्या. ती वाट पाहत राहिली. एखादा टोमणा येणार, तो पदरात घ्यायचा, एवढी तयारी तिने जिन्यातच केली होती. तो तिच्या वाट्याला यायलाच हवा होता. टोमणा आला नाही.

“मला वाटलं तुम्ही हसाल,” शेवटी तीच म्हणाली.

“हसले असते. सुनावणीच्या आधी आली असतीस तर पोट धरून हसले असते.” ताईंनी आराखड्याची घडी उगाचच सरळ केली. “आता नाही हसता येत. मला तो पाडायचाय, मासोळी.”

तिला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

“तुझा अहवाल मी खोडून काढायचा म्हणून वाचला,” ताई म्हणाल्या. “वाचून काही वाटलं नाही. तक्ते, आकडे. म्हटलं, जागेवर जाऊन पाहू, कुठेतरी खोटं सापडेलच. पाणी चढलेलं होतं. भिंतीखाली दगडावर बसले. तर एक मासा उड्या मारतोय. भिंतीवर आपटायचा, खाली पडायचा, जरा दम घ्यायचा, पुन्हा. मी डबा उघडला, जेवले, डबा धुतला. तो आपला आपटतोच आहे. त्या भिंतीत कुठे फट नाही, मासोळी. मीच सगळ्या बुजवून घेतल्या होत्या. मला लाज वगैरे नाही वाटली हं. काम चोखच होतं. पण तिथून उठवेना.”

“मग सुनावणीत विरोध कशाला केलात?”

“खात्याला शब्द दिला होता. आणि उन्हाळ्यात भिंतीमागे पाणी राहतं, तो फायदाही खोटा नव्हता. पण तू बोलायला उभी राहिलीस ना, तेव्हा मनात म्हणत होते, नीट बोल गं, अडखळू नकोस.”

ती खुर्चीत बसली. बसताना कोपर लागून एक कप कलंडला आणि आराखड्याचा कोपरा गुंडाळला गेला. दोघींपैकी कोणीच तो सरळ केला नाही.

“आपटणारे मासे मीही पाहिलेत,” ती म्हणाली. “म्हणून तर एवढं केलं. पण लांबपल्ल्या ह्याच नदीत नाही, आणखीही दोन-तीन नद्यांत आहे. काजळमासा इथे आहे तेवढाच.”

“आहे म्हणून दुसऱ्याने डोकं फोडून घ्यायचं?”

“मी तसं म्हणाले का?”

“अर्थ तोच होतो.”

“अर्थ तो होत नाही ताई, तुम्ही तो काढताय.”

आणि मग दोघींनी खुर्च्या पुढे ओढल्या. किती वेळ गेला कोणास ठाऊक. जेवायला हाक मारून मारून थकलेला नवरा अखेर स्वतः खाली आला. दाराशी आला आणि तिथेच थबकला. आत त्याची बायको भिंत राहिलीच पाहिजे म्हणून टेबलावर हात आपटत होती आणि त्याची बहीण नदी मोकळी करा म्हणत होती.

“एक मिनिट,” तो म्हणाला. “तुम्ही बाजू बदलून भांडताय का?”

“तू जेवून घे,” दोघी एकदमच म्हणाल्या.

तो गेला नाही. खुर्ची ओढून बसला, टेबलावरचा फोटो पाहिला, आराखडा पाहिला. “म्हणजे एकाला वर जाऊ द्यायचंय आणि एकाला नाही. मग दार ठेवा की.”

“मासे काय ओळखपत्र घेऊन येतात का?” ताई म्हणाल्या.

“ते नाही येत. पण तुम्ही दोघी ओळखताच ना त्यांना?”

एवढं बोलून तो उठला आणि जेवायला गेला. भांडणात त्याने पहिल्यांदाच तोंड घातलं होतं, आणि पुन्हा कोणी आपल्याला मत विचारू नये अशी त्याची इच्छा असावी.

ताईंनी आराखड्याचा कागद पालथा केला. मागची बाजू कोरी होती. भिंतीच्या कडेने पायऱ्या पायऱ्यांचा एक पाट त्यांनी काढला. पाट वर येऊन एका पेटीत संपत होता. पेटीच्या पुढे वाट नाही. जो मासा पाट चढेल तो पेटीत येऊन थांबेल, आणि पुढचं काम माणसाच्या हातांनी. देशी असेल तर उचलून भिंतीवरून वरच्या पाण्यात. पट्टेवाला असेल तर परत खाली.

“असं बाहेर काही ठिकाणी करतात,” ती कागदावर वाकून म्हणाली. “पायऱ्या ह्याहून बुटक्या हव्यात. आणि पेटीत सावली हवी, नाहीतर ते घाबरतात.”

“सावली.” ताईंनी पेटीवर झाकण काढलं. “सगळे नाही चढणार.”

“नाही. आज एकही चढत नाही.”

“माझं समाधान नाही झालेलं, बरं का.”

“माझंही नाही,” ती म्हणाली, आणि टेबलावरून खोडरबर त्यांच्याकडे सरकवलं.

*

समितीचे अध्यक्ष वयस्कर होते आणि मागची सुनावणी त्यांना चांगली लक्षात होती. त्यांनी सवयीने भिंतीच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या खुर्चीकडे बोट दाखवून ताईंना बसायला सांगितलं. त्या खुर्चीत ती बसली. ताई पलीकडे जाऊन बसल्या. अध्यक्षांनी आधी इकडे पाहिलं, मग तिकडे, मग समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे.

“बाई, मागच्या वेळी आपण ह्याच दालनात बंधारा पाडायला सांगत होतात,” ते तिला म्हणाले.

“हो. तेव्हा मला काजळमासा तिथे आहे हे माहीत नव्हतं. आता माहीत आहे.”

“म्हणजे मागचं चुकलं होतं?”

“मागचं खरं होतं. पण अर्धं होतं.”

हे बोलताना आपला आवाज कापेल असं तिला वाटलं होतं. मागच्या बाकावर लांबपल्ल्यासाठी तिच्याबरोबर दारोदार फिरलेली माणसं बसली होती. त्यांतल्या एक-दोघांनी माना फिरवल्या, ते तिला दिसलं. पण आवाज कापला नाही. नकाशेवाल्याने मोठा नकाशा भिंतीला लावला. खालची नदी पोकळ टिंबांनी भरलेली, आणि अगदी वर, झुडपांच्या कोपऱ्यात, दोन भरलेली. कोणाला न विचारता त्याने ती शाईने भरून टाकली होती. मग ताईंनी उठून पेटीचा आराखडा समजावून सांगितला.

प्रश्न बरेच आले. अडलं ते शेवटच्यावर. पाणी चढलेलं असेपर्यंत रोज पेटी उघडून मासे निवडणार कोण? खात्याकडे माणूस नव्हता, केंद्राकडेही नव्हता. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा काढला की विषय पुढे ढकलला जातो, हे सगळ्यांना माहीत होतं.

“मी बसेन,” ताई म्हणाल्या. “तोवर निवृत्त झालेली असेन.”

“आपण इंजिनीअर आहात. मासे ओळखणं म्हणजे…”

“घरात शिकवणारी आहे.”

तिने मान खाली घातली. हसू दाबायला तिला हातातल्या कागदांची मदत घ्यावी लागली. अध्यक्षांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

*

पाणी चढलं तेव्हा पाट तयार होता. पहिले काही दिवस पेटीत पानांशिवाय काही आलं नाही. मग आला तो पट्टेवाला. ताईंनी त्याला हातमोजे घालून उचललं, डोळ्यासमोर धरून नीट पाहिलं आणि खालच्या पाण्यात सोडलं. “ह्याचा तरी काय दोष,” म्हणाल्या. “आणून टाकलं तिथे राहिला.” नंतर पुन्हा पानं. पुन्हा पट्टेवाला. नकाशेवाला एकदा येऊन कोरड्या दगडावर बसून गेला. ताई कुरकुरत नव्हत्या. घडीची खुर्ची, छत्री, डबा असा संसार त्यांनी भिंतीवर मांडला होता, आणि येणारेजाणारे लोक थांबून काय चाललंय विचारू लागले की त्यांना तपशीलवार सांगत होत्या. विचारणाऱ्यांत सुनावणीत तिच्यापासून माना फिरवणाऱ्यांपैकी एक जण होता. तो दुसऱ्या दिवशी परत आला, आणि मग अधूनमधून येऊन पाटातला कचरा काढू लागला.

तीही सवड मिळेल तशी येत होती. आधी वरच्या ओहोळाशी जाऊन दगडाखाली डोकवायची, मग भिंतीवर येऊन ताईंच्या डब्यातलं खायची.

त्या सकाळी ती ओहोळाकडून आली तर ताई खुर्चीत नव्हत्या. पेटीशी गुडघे टेकून बसल्या होत्या, झाकण उघडं होतं.

“मासोळी, इकडे ये. हा तो ना?”

तिने वाकून पाहिलं. पेटीच्या सावलीत हातभर लांबीचा चंदेरी मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा होता. तोंडापाशी खरचटलेलं होतं.

“तोच. लांबपल्ल्या.”

ताईंनी हातमोजे काढून बाजूला ठेवले. हात पाण्यात बुडवून गार केले, तिने शिकवलं होतं तसे, आणि एक तळवा पोटाखाली, एक शेपटीशी धरून मासा उचलला. तो जड होता. एकदा त्याने झटका दिला, ताईंचा चष्मा घसरून नाकाच्या टोकावर आला, पण पकड सुटली नाही. भिंतीच्या वरच्या बाजूला त्या आडव्या झाल्या, खांद्यापर्यंत बाह्या भिजवत हात पाण्यात खाली नेले आणि तळवे उघडले.

मासा गेला नाही. उघड्या तळव्यांवर तो तसाच राहिला. कल्ले उघडत होते, मिटत होते.

“दम घेतोय,” ती शेजारी बसत म्हणाली. “हात काढा ताई, जाईल तो.”

“माहीत आहे,” ताई म्हणाल्या. त्यांनी हात काढले नाहीत. “थांब जरा.”